नानासाहेबांचं उशिराचं हसू

बोरी बुद्रुकच्या शिवारात उसाला खेटून नानासाहेबांचं घर आहे. नानासाहेब जाऊन पंधरवडा झाला नव्हता तोच त्या घरातून हसण्याचे आवाज येऊ लागले. घरातल्या माणसांचं हसणं नव्हे. टीव्हीतलं, शंभर माणसं एकदम खो खो करतात आणि एकदम गप्प होतात, ते. साडेसातला सुरू व्हायचं आणि आठला थांबायचं. गावाला एवढं पुरतं. डेअरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत बातमी गेली, की नानासाहेबांच्या बायकोच्या, केशरबाईच्या डोळ्याला टिपूस नाही आणि बाई मालिका बघते.

शेवटी शेजारच्या मळ्यातली लंकाबाई तोंडावर सांगायला आली. "केसरबाई, लोक नावं ठिवत्यात गं. आवाज तरी बारीक कर."

"बिबट्या फिरतोय," केशरबाई म्हणाली. "वनखात्याची माणसं सांगून गेलीत, अंधार पडल्यावर घरातनं आवाज येऊ द्या. माज्या शेळ्या हायेत."

लंकाबाई आल्या पावली परत फिरली. बिबट्या तिच्याही बांधावरून गेला होता.

हे कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. खरं सांगायचं तर केशरबाईला काहीच वाटत नव्हतं. ताट पुढं आलं की ती जेवायची, नाही आलं तर आठवणही होत नव्हती. पुण्यानुमोदनाला, म्हणजे मयतानंतरच्या विधीला, भंतेजींनी वंदना घेतली, बाया गळ्यात पडून रडल्या, आणि ही बाई सगळ्यांना पाणी देत फिरली. त्या दिवसाचं तिच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की चहात साखर कमी पडली होती. आपला दगड झाला की काय, असं तिला कधी कधी वाटायचं. पण त्याचीही भीती वाटत नव्हती.

केशरबाई मूळची कळंबची. लग्न होऊन बोरीला आली तेव्हा नानासाहेब साखर कारखान्यात लागले होते, ऊस पिळणाऱ्या मोठ्या रोलरांपाशी. उभा जन्म त्या घरघरीत गेला. रिटायर झाले तेव्हा कान गेल्यात जमा होते. भांडं पडलं की मान वळायची, पण माणसाचं बोलणं म्हणजे नुसता गोंगाट. हे केशरबाई सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. नानासाहेब मानी गडी. "पोरीला सांगशील तर बघ," त्यांनी बजावलं होतं. "ती कानाचं मशीन घिऊन यील, आन् गाव मला बहिरा म्हनंल." तिनं शब्द दिला. दिला म्हणजे दिला, ती काही शब्द फिरवणारी बाई नव्हती.

मग नानासाहेबांनी युक्ती काढली. लग्नात, मयतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं आणि योग्य वेळी "बरोबर हाय" म्हणायचं. गाव म्हणायचं, नानासाहेबांसारखा समंजस माणूस नाही, कधी वाद म्हणून घालत नाहीत.

फसले ते फक्त एका ठिकाणी. फोनला तोंड नसतं.

त्यांची एकुलती एक लेक साक्षी पुण्यात असते. मोबाईलवर वाचायच्या एका साइटसाठी ती मालिका-सिनेमांची परीक्षणं लिहिते. तिचा फोन आला की नानासाहेब म्हणायचे, "बरी हायेस ना? घे, आईशी बोल," आणि फोन केशरबाईच्या हातात. वर्षानुवर्षं हेच. पोरीनं आपला अर्थ लावून घेतला, की सरकारी नोकरीची परीक्षा सोडून हे धरलं म्हणून अण्णांनी, म्हणजे बापानं, आपल्याला मनातून काढून टाकलं. तिनं तो राग आईजवळ अनेकदा बोलून दाखवला. केशरबाई ऐकून घ्यायची आणि शब्द पाळायची.

आता साक्षी आईला पुण्याला न्यायला आली होती. संध्याकाळ झाली, शेळ्या आत घेतल्या, दार लोटून घेतलं. केशरबाईनं टीव्ही मोठ्यानं लावला आणि पुढ्यात लसूण घेऊन बसली. साक्षी खाटेवर टेकली, नानासाहेब बसायचे तिथंच.

"ही मालिका?" तिनं कपाळाला हात लावला. "आई, ही अजून चालू आहे?"

"लई चालती. तुजे अण्णा रोज लावायचे."

"मी हिला दीड स्टार दिला होता."

"मंग?"

"मग काय? लोक बघतातच."

बघतातच. या मालिकेला नावं ठेवली नाहीत असा एक परीक्षणवाला शोधून सापडायचा नाही. नावं ठेवणारे दमले, काहींनी धंदा बदलला, आणि मालिकेतले काका आपले अजून कपाळावरचा चष्मा घरभर शोधताहेत. शेजारीण वाटी घेऊन साखर मागायला येते. नको तो पाहुणा नको त्या वेळी दारात उभा राहतो. कुणी कुणाला विष घालत नाही, कुणाची इस्टेट बुडत नाही, आठ वाजता सगळे एका टेबलाला जेवायला बसतात.

टीव्हीत हशा झाला. साक्षीचा एकदम तोल सुटला.

"माझ्याशी बोलायला अण्णांना दोन मिनिटं नव्हती. आणि या असल्या गोष्टीला रोज अर्धा तास! काय होतं गं हिच्यात? सांग ना!"

केशरबाई लसूण सोलत राहिली. पोर दुखावली आहे हे तिला दिसत होतं, पण ते दुखणं आत पोचत नव्हतं.

"मी काय लिहिलं होतं ऐक." साक्षीनं मोबाईल काढला. "'आवाज बंद करून पाहिली तरी काहीही चुकणार नाही, अशी ही मालिका आहे.' लोकांनी हीच ओळ उचलून धरली, माहितीये?"

केशरबाईचे हात थांबले.

"खरं लिव्हलंस," ती म्हणाली.

"काय?"

"तुजे अण्णा तशीच बघायचे."

साक्षीला कळेना. केशरबाईनं लसणाचं ताट बाजूला सारलं. शब्द दिला होता, पण ज्याला दिला तो आता नव्हता.

"त्यास्नी ऐकू येत नव्हतं. तू कॉलेजला गेलीस तवापासनं. फोनवर तुजा आवाज म्हंजे त्यास्नी नुसती घरघर. म्हनून माज्या हातात द्यायचे. मंग तू काय म्हनलीस ते मला धा येळा इचारायचे."

साक्षीनं हातातला मोबाईल पालथा ठेवला.

"दुसऱ्या मालिका दाराआड कुजबुजत्यात. त्यात काय कळनार? ही बरी पडायची. त्यो काका दिसला की झालं." ती टीव्हीकडं बघत बोलत होती. "पर हसायचं कवा, ते न्हाई कळायचं; टीव्हीतला हशाबी त्यास्नी घरघरच. मंग माज्या तोंडाकडं बघायचे. मी हसले की हसायचे, मागनं. ते वाट बघत्यात म्हनून मी कायबी नसलं तरी हसायची."

साक्षीनं रिमोट उचलला आणि आवाज पूर्ण बंद केला.

घरात एकदम शांतता झाली. बाहेर उसाची पात सळसळली, गोठ्यात शेळीनं खूर आपटले. पडद्यावर काका चष्मा शोधत होते. साक्षी पडद्याकडं बघतच नव्हती. ती खाटेवरून, बापाच्या जागेवरून, आईच्या तोंडाकडं बघत होती. ती नजर केशरबाईच्या डाव्या गालाला कळली. त्या बाजूनं रोज अशीच नजर लागलेली असायची.

काका मागं सरकत सरकत नेमके पाहुण्याच्या ताटात बसले. केशरबाईचे ओठ जुन्या सवयीनं सैल झाले आणि ती हसली. थोडंसंच.

आणि एक क्षण सोडून, बाजूनं, नाकातून फुर्र झाल्यासारखं, साक्षी हसली. मागनं. हुबेहूब.

केशरबाईनं मान वळवली. खाटेवर नानासाहेब नव्हते.

लंकाबाईच्या मळ्यात तो रोजचा हशा मधेच तुटलेला ऐकू आला, आणि पाठोपाठ बाईमाणसाचा हंबरडा. आवाज बारीक कर म्हणणारी हीच बाई बॅटरी आणि काठी घेऊन धावत सुटली. बिबट्या घरात शिरला, दुसरं काय असणार! दार ढकललं तर आत टीव्हीवर माणसं मुकाट्यानं तोंडं हलवत होती, आणि मायलेकी एकमेकींना धरून जमिनीवर बसल्या होत्या.

"अगं काय झालं? केसरबाई, काय झालं?"

केशरबाईनं वर बघितलं. ही बातमी गावाला अजून कुणी सांगितलीच नव्हती अशा आवाजात ती म्हणाली, "लंकाबाई, आमचे हे गेले गं."