या लेखात नवीन काय?

आमच्या नर्सिंग कॉलेजात त्यांना 'अजूनएक सर' म्हणत. नाव मीच ठेवलं होतं. लेख झाला का, असं विचारलं की ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "होत आलाय मॅडम. अजून एक पेपर वाचायचा राहिलाय." तो एक वाचून होईपर्यंत त्याला पोरं झालेली असायची, कारण संशोधनाच्या प्रत्येक पेपराच्या शेवटी आणखी वीस पेपरांचे संदर्भ असतात आणि सर ते सोडत नसत.

उंच, किंचित पोक काढून चालणारा माणूस. आधी बरीच वर्षं वॉर्डात ब्रदर म्हणून ड्यूटी केलेली, त्यामुळे बसायची सवयच नव्हती. स्टाफरूममध्येसुद्धा उभ्याने वाचायचे, कपाटाच्या डोक्यावर कागद पसरून. शिकवायचे फार सुरेख. नोकरी मात्र कंत्राटी. दरवर्षी सुट्टीत नव्या नेमणुकीचं पत्र यायचं आणि ते येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलत नसे, असं वहिनींनी मला सांगितलं होतं. वहिनी म्हणजे त्यांची बायको. दाताच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसतात.

मग एका वर्षी ती जागा कायमची भरायचं ठरलं. प्रिन्सिपलबाईंनी सरांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "जागा तुमचीच समजा. फक्त मान्यताप्राप्त जर्नलमधला एक लेख लागेल. मुलाखतीच्या दिवशी लेख स्वीकारल्याचं पत्र हातात पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षीपासून मी काही करू शकणार नाही."

एक लेख. लोक शिळ्या कढीला ऊत आणून वर्षाला चार-चार छापतात. आणि सरांचा तर जवळजवळ तयार होता.

विषय असा, की अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस किती तासांनी बदलली म्हणजे त्याच्या पाठीला जखमा होत नाहीत? वॉर्डात दोन तासांनी बदलायला शिकवतात. सर नवे ब्रदर असताना त्यांनी मेट्रनला विचारलं, दोनच का? मेट्रन म्हणाली, "कारण तीन म्हटलं की तुम्ही लोक चार करता." उत्तर तसं शास्त्रीयच होतं, पण सरांचं समाधान झालं नाही. या प्रश्नावर जे जे छापून आलंय ते गोळा करायचं, पारखायचं आणि शेवटी काय ते एकदा सांगून टाकायचं, असा आढावा लेख त्यांनी हाती घेतला. वर्षं गेली, पण त्यातून हात काही निघाला नाही.

असल्या लेखाला दोन माणसं लागतात. दोघांनी प्रत्येक पेपर वेगवेगळा वाचायचा, एकमेकांना न विचारता तो घ्यायचा की टाकायचा ते ठरवायचं आणि मग जिथे जुळत नाही तिथे भांडायचं. दुसरं माणूस मी. माझी नोकरी कायम, मागे कुणाचा व्याप नाही, जीभ तिखट. भांडायला याहून लायक माणूस कॉलेजात नव्हतं. रविवारी त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर आमची बैठक बसायची. मी फटाफट टाकत जायची. सर शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या टिपांपर्यंत पोचायचे.

"मॅडम, यांनी त्याच महिन्यात गाद्यापण बदलल्यात. मग फरक कुशीने पडला की गादीने?"

"टाका मग."

"टाकून कसं चालेल? मेहनत केलीय हो त्यांनी."

वहिनी पातेलं फडक्यात धरून उभ्या असायच्या. "तुमचे पेशंट उचला आता. जिवंत माणसांना जेवायचंय."

त्यात आणखी एक नियम असा, की छापून आलेल्या पेपरांचा शोध ताजा हवा. शोध घेऊन वर्ष उलटलं की आम्हाला हव्या असलेल्या जर्नलचे लोक लेखाला हात लावत नसत. आणि आमचं लिहून होईस्तोवर वर्ष हमखास उलटायचं. पुन्हा शोध, पुन्हा नवे पेपर, पुन्हा तक्ते मोडून नव्याने. मुलाखतीची तारीख लागली तेव्हाही शोध शिळाच झाला होता. मी अक्षरशः हात जोडले.

"तसाच पाठवा. कोण बघतंय?"

"तपासणारे रिव्ह्यूअर बघतील ना."

शेवटचा म्हणून त्यांनी एकदा शोध घेतला, आणि सगळ्यात वर जो पेपर आला तो आमचाच लेख होता. म्हणजे लिहिला होता दुसऱ्यांनी. कुठल्यातरी मोठ्या विद्यापीठातली एका बसमध्ये मावणार नाहीत एवढी माणसं. प्रश्न तोच, घ्यायचं-टाकायचं ठरवायचे निकष तेच, पेपर आमच्याहून जास्त, आम्हाला न येणाऱ्या भाषांतलेसुद्धा. आणि उत्तरही आमचंच. दोन तास की चार, हे हाताशी असलेल्या पुराव्यावरून ठामपणे सांगता येत नाही.

सरांनी तो उभ्याने वाचायला घेतला. मध्येच खुर्ची ओढून बसले. वाचून झाल्यावर म्हणाले, "चांगलं केलंय. गादीचा मुद्दासुद्धा घेतलाय त्यांनी."

मला त्यांच्या या गुणाचा संताप यायचा. घराला आग लागली तर हा माणूस आधी ज्वाळांचं कौतुक करेल. मी म्हटलं, "हे बघा, वरातीमागून का होईना, आपलं घोडं तयार आहे. त्यांचा उल्लेख एका ओळीत करू, आपला दृष्टिकोन वेगळा आहे म्हणू आणि पाठवून देऊ."

"वेगळा कसा?"

"तसं लिहायचं असतं सर. सिद्ध करून दाखवायचं नसतं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. तो परका लेख त्यांनी आमच्या संदर्भांत जागच्या जागी बसवला, तक्त्यातही घेतला, कारण आमच्या निकषांत तो चोख बसत होता. संपादकांना पाठवायचं पत्र मी लिहिलं. 'अत्यंत कालोचित' हे शब्द त्यात मी न लाजता दोनदा घातले. पहिले लेखक ते, म्हणून वेबसाइटवर लेख चढवायचं काम त्यांचं. नावं काढलेली प्रत वेगळी, तक्ते वेगळे, सह्या वेगळ्या. आठवडाभर ते तेच करत होते, म्हणून मी निर्धास्त होते. सगळ्याच्या शेवटी एक रकाना होता, भरल्याशिवाय पुढे न जाऊ देणारा. 'या लेखामुळे आजवरच्या ज्ञानात कोणती भर पडते? पन्नास शब्दांत लिहा.'

लेख गेला, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारच्या सुट्टीआधी परत आला. रिव्ह्यूअरपर्यंत पोचलाही नाही. संपादकाचं पत्र तीन ओळींचं होतं. त्यात 'लेखकांनी स्वतःच नमूद केल्याप्रमाणे' असे शब्द होते. मी सरांच्या हातातला माउस ओढून घेतला आणि तो रकाना उघडला. त्यांनी लिहिलं होतं: 'नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने याच प्रश्नाचे हेच उत्तर दिले आहे. प्रस्तुत लेखाने त्यात काही भर पडत नाही.' पन्नास शब्दही खर्च केले नव्हते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत ओरडले. महिन्याभरात उत्तर देणारं जर्नल हे एकच होतं, बाकीच्यांना कित्येक महिने लागतात आणि मुलाखत महिन्यावर आली होती. मुलाखतीला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले, विचारलं तेवढं सांगून आले. जागा दुसऱ्याला गेली. त्याचे सात लेख होते. त्यातल्या एकाचा विषय काय, हे त्याला तिथे पटकन आठवेना म्हणे. तरी घेतला.

कॉलेजात दोन तट पडले. अर्धे म्हणत, काय तत्त्वाचा माणूस. अर्धे म्हणत, काय बावळट. प्रिन्सिपलबाई म्हणाल्या, "कंत्राटी माणसाला इतका खरेपणा परवडत नाही." मी या तिघांशीही सहमत होते.

शेवटच्या दिवशी कागदांचे गठ्ठे न्यायला वहिनीही आल्या होत्या. सर खाली रिक्षा थांबवायला गेले, तेव्हा त्या गठ्ठ्याला सुतळी बांधता बांधता म्हणाल्या, "मॅडम, रोज संध्याकाळी मला विचारायचे, यात नवीन काय वाटतं गं तुला? मी काय सांगणार? मी दातांच्या अपॉइंटमेंट देते. एकदा तर पोरीलाही विचारलं. ती म्हणाली, बाबा, अक्षर छान आहे."

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. राग डोक्यात होताच. सर वर आले तसं मी जिन्यातच गाठलं. "खरं बोलून काय मिळवलंत? पोरीची शाळा आहे, घर आहे. दोन ओळी खोट्या लिहिल्या असत्या तर कुणाचं काय जाणार होतं?"

"खरं बोलायचं म्हणून नाही लिहिलं मी ते," सर म्हणाले. आवाजात ना राग, ना अभिमान.

"मग?"

"आठवडाभर दोन्ही लेख शेजारी ठेवून बसलो होतो. म्हटलं, एखादा तक्ता, एखादं वाक्य, आपलं एकट्याचं असं काहीतरी निघेल. निघालं असतं तर फुगवून लिहिलं असतं मी, खरंच लिहिलं असतं. पण मॅडम, फुगवायलासुद्धा थोडंफार काहीतरी लागतं." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "तुम्ही सगळं वाचलंय माझ्याबरोबर. तुम्हाला आठवतंय का काही?"

जिन्याच्या कठड्याला धरून मी आमचा लेख पहिल्या पानापासून मनात चाळायला लागले. प्रस्तावना, निकष, तक्ते, चर्चा. सर माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, अजून काही होऊ शकेल अशा नजरेने. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी शेवटच्या पानापर्यंत गेले आणि मला काहीच सापडलं नाही.