पूलच्या टेबलात अडकलेला हात

काल धुण्याआधी मुलाचे खिसे तपासताना बॉल मारायच्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोकाला लावायच्या निळ्या खडूचा तुकडा निघाला, आणि मला डोणगावातलं दिराचं नवं पूल पार्लर आठवलं. माझ्या लग्नाला वीस दिवस झाले होते. माहेरी वडील एका क्लबातल्या स्नूकरच्या टेबलाची निगा राखायचे. ते टेबल बारा फुटी, बॉल बावीस आणि पॉकेटखाली जाळी, हात घातला की बॉल हाती. दिराचं टेबल आठ फुटी, बॉल सोळा आणि जरा मोठे. एक बॉल पॉकेटात पडताच जुन्या सवयीने मी मागोमाग हात घातला, तर जाळीच नव्हती; बॉल टेबलाच्या पोटातून घरंगळत पलीकडे गेला आणि माझ्या हिरव्या बांगड्या आत आडव्या अडकल्या. सासूबाई म्हणाल्या, “बांगडी वाढू देऊ नको वो, लग्नाले महिना नाही झाला.” दीर म्हणाला, “वहिनी, टेबल नाही कापता येत, कालच त आणलं.” नवऱ्याने पार्लरचं दार लोटून घेतलं. तेल, साबण, सगळं झालं. अर्धा तास मी वाकून उभी होते. शेवटी मीच हात ओढला आणि दोन बांगड्या फुटल्या. सासूबाईंनी काचा वेचल्या, दिराने टेबलावरचं कापड तपासलं. मनगटाचं रक्त मी पदराने पुसलं, आणि या घरात कोणाकडून काय अपेक्षा ठेवायची नाही याची यादी मनात लिहिली. तिच्यातलं एकही नाव मला अजून खोडता आलेलं नाही.