कोपराखालची चुंबळ

साहेबांनी माझ्या कोपराखालची चुंबळ ओढून काढली आणि माझ्याच डोक्यावर ठेवली.

पुण्याहून आलेले पाहुणे त्यांच्या मागं उभे होते. साहेब म्हणाले, "आई पाट्या वाहायची ना तुझी? तू खुर्चीत बसलास तरी चुंबळ काही सुटत नाही."

सगळे हसले. पण सगळ्यांच्या आधी मी हसलो. हे मला लिहायलाच हवं. डोक्यावर चुंबळ तशीच ठेवून मी पितळी नोझल उचललं आणि भिंगाखाली धरलं.

आई खरंच पाट्या वाहायची. पारनेरकडच्या रस्त्यांवर, खडीच्या. जुन्या लुगड्याची ती चुंबळ तिनंच वळलेली. ती गेल्यावर मी तेवढीच मागून घेतली होती. एकदा चहाच्या वेळी साहेबांनी माझं आडनाव विचारलं, मग आईबाप काय करायचे ते विचारलं. मी सरळ सांगितलं. तेव्हापासून साहेबांच्या तोंडी पलीकडच्या टेबलावरचे "पाटील", आणि मी नुसता "ए".

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना. माझं काम तपासणीचं. गावातले म्हणतात, नशीबवान आहेस, सावलीत खुर्ची मिळाली. दोन्ही कोपरं टेबलाच्या पत्र्याच्या कडेवर टेकवायची. हात दुमडून नोझल डोळ्यांजवळ धरायचं, फिरवायचं, ओरखडा शोधायचा. शिफ्ट संपेपर्यंत हेच. चुंबळीच्या मधल्या भोकात कोपराचं हाड बरोबर बसायचं, कड टोचायची नाही. म्हणून आणली होती.

त्या दिवशी ती डब्याच्या पिशवीत घालून घरी नेली आणि फडताळात टाकली.

पुढं करंगळीला मुंग्या यायला लागल्या. मग तिच्या शेजारच्या बोटाला. सकाळी उठलो की अर्धा पंजा दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा. शर्टाची बटणं बायको लावून द्यायला लागली. नोझल हातातून निसटायचं. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "उतरली नाही वाटतं अजून." मी पीत नाही. तरी मान खाली घातली.

नगरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर बाईंनी कोपराच्या आतल्या बाजूला बोटानं हलकेच ठोकलं. करंट थेट करंगळीत गेला. मग अंगठा आणि पहिल्या बोटात कागद धरायला लावला. मी सगळा जोर लावला. त्यांनी तो सहज काढून घेतला. म्हणाल्या, इथली नस हाडाला लागून असते, वर नुसती कातडी. हात दुमडला की ती ताणते, कडेवर टेकला की चेंगरते. पंजातलं मांस उतरलंय. ऑपरेशन करावं लागेल, पण गेलेली ताकद परत येईलच असं नाही. शेवटी सहज विचारलं, "कोपराखाली काही मऊ ठेवत नव्हता का?"

मी बाही खाली ओढून कोपर झाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हे मी मंदाताईंना सांगितलं. त्या टेबलावर माझ्या शेजारी बसतात, कंत्राटावर आहेत. त्यांनी भाकरी खाली ठेवली.

"भाऊ, माझ्या बी करंगळीला मुंग्या येत्यात. दिवाळीपासनं."

मी म्हणालो, मग कोपराखाली काही ठेवत का नाही?

"तुमाला समदे हसले न्हाई का? तुमी बी हसलात. मला वाटलं, तुमचंच चुकलं असंल."

साहेबांचं बोलणं इतकं लागलं नव्हतं. माझ्या हसण्यानं या बाईचं कोपर पत्र्यावर राहिलं होतं.

घरी येऊन फडताळातली चुंबळ काढली. बायकोला जुन्या साडीची आणखी एक वळायला सांगितली. ती म्हणाली, आता हंडे वाहायला निघालात का? मी कारण सांगितलं. मग तिनं वळलेली उसवून पुन्हा मऊ वळली.

सकाळी एक मंदाताईंच्या कोपराखाली ठेवली, एक माझ्या. साहेब आले. "परत?" म्हणाले आणि मंदाताईंच्या चुंबळीकडे हात नेला. मी माझा हात तिच्यावर ठेवला. तोच, बिघडलेला. दोन बोटं आकड्यासारखी वाकलेली. सगळ्यांनी बघितली.

"सर, हात लावायचा न्हाई."

साहेब हसले आणि सगळ्यांकडे बघितलं. मी हसलो नाही. कुणीच हसलं नाही.

"उद्यापासून भंगारात," ते म्हणाले.

"जातो. पण ही बोटं या टेबलावर वाकडी झालीत, ते मी सगळ्यांना सांगनार हाय."

आता मी भंगाराच्या शेडमध्ये असतो. मंदाताईंची चुंबळ साहेबांनी काढून नेलीच. मी दुसरी दिली. ती नेली तर तिसरी देईन. जेवणाच्या सुट्टीत मी तपासणीवाल्यांसमोर बसतो आणि हात पुढं करतो. पंजा पुरता उघडत नाही, तेच दाखवतो. एकेकाला विचारतो, करंगळीला मुंग्या येतात का? काहीजण अजून साहेबांच्या केबिनकडे बघून नाही म्हणतात. त्यांना दुसऱ्या दिवशी परत विचारतो.

टेबलाच्या त्या कडेला रबर बसेपर्यंत विचारत राहणार आहे. आणि आईच्या पाट्यांवरून पुन्हा कुणी हसलं, तर त्या हसण्यात माझा आवाज नसेल.