आर्डिसची सूचना

आमच्या भगिनीसंघाचं नाव डेल्टा नू. अक्षरं ग्रीक, पण आमच्यातल्या एकीलाही ग्रीस नकाशावर दाखवता आलं नसतं. कॉलेजातल्या पोरींचे असे संघ असतात. आमचा कॉलेजची पायरी न चढलेल्या बायकांचा. संसार केलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या, गुडघे कुरकुरणाऱ्या. एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी कुणाच्या तरी घरी जमायचं. हजेरी, मागच्या सभेचं इतिवृत्त, एखादीने इजिप्तबद्दल नाहीतर फुलदाण्यांबद्दल वाचून आणलेली माहिती, आणि शेवटी खाणं. खाण्यासाठी बाकीचं सगळं होतं हे आम्ही कधी कबूल केलं नाही. संघात शिरली की ती बहीण. मग वय काहीही असो, अगं-तुगं.

सत्त्याऐंशी साली आम्ही सहाच उरलो. दोघी मुलांकडे ॲरिझोनाला गेल्या, एक देवाघरी. सातपेक्षा कमी झाल्या की शाखा बंद, असा मुख्य कचेरीचा नियम. आमची अध्यक्षा मार्सेला नियमांची भारी भोक्ती. ती टेबलावर हातोडी आपटून म्हणाली, "बायांनो, एक बाई आणा, नाहीतर ही हातोडी मी स्वयंपाकघरात अक्रोड फोडायला नेते."

मी आर्डिसचं नाव सुचवलं.

त्या नावाने सगळ्या का चपापल्या ते सांगायला हवं. आर्डिस माझी शेजारीण. नवरा कधीच वारला होता, एकच मुलगी, रोंडा. गावच्या सहकारी गोदामात आर्डिस काट्यावर बसायची. मक्याचा ट्रक आला की वजन करायचं आणि शेतकऱ्याची दोन शब्दांत टर उडवायची. बोलिंगच्या संघात ती असली की तिचं हसणं रस्त्यापलीकडे ऐकू यायचं. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, कापणीच्या दिवसांत, रोंडा बारमधून दारू पिऊन गाडी घेऊन निघाली आणि कातरवेळी तिने वेंडेलच्या ट्रॅक्टरला मागून धडक दिली. वेंडेल जागच्या जागी गेला. पोरीला काही झालं नाही. तिला तुरुंगात घातलं.

आणि वेंडेलची बायको ओर्फा तिथेच माझ्यासमोर बसली होती. वीस वर्षं आमची बहीण.

वेंडेल गेला तेव्हा ओर्फाच्या दारात आम्ही भाजलेल्या नूडल्सची आणि बटाट्याची भांडी रांगेने नेऊन ठेवली. तिच्या फ्रीजरचं दार बंद होईना. आर्डिसच्या दारात कुणी काही ठेवलं नाही. मेलेल्याच्या घरी काय न्यायचं हे आमच्या गावात पोराटोरांनाही ठाऊक असतं. तुरुंगात गेलेल्याच्या घरी काय न्यायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सगळ्यांनी काहीच नेलं नाही आणि त्याला समजूतदारपणा असं नाव दिलं.

आर्डिस तिसऱ्या दिवशी काट्यावर हजर झाली. वजन सांगायची, चिठ्ठी द्यायची. टर उडवणं संपलं. ती रडली नाही, कुणावर चिडली नाही. एकदा दुकानात सुपाच्या डब्यांसमोर ती उभी होती. मी माझं सगळं सामान घेऊन परत आले तरी ती तिथेच. "काय शोधतेयस?" म्हटलं, तर म्हणाली, "कुठलं आवडतं ते आठवत नाहीये." तिच्या आवाजात दुःखही नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

नवीन बाई घ्यायची तर घेवड्याचे पांढरे आणि काळे दाणे एका डब्यात टाकून मत द्यायची आमची रीत. एक काळा निघाला तरी नाव बाद. मार्सेलाने डबा उपडा केला. सगळे पांढरे. नंतर कोट चढवताना मी ओर्फाला विचारलंच, पांढरा का टाकलास म्हणून.

"गाडी आर्डिस चालवत नव्हती," ती म्हणाली आणि बटणं लावत राहिली.

आर्डिसला मी विचारलं तेव्हा तिने हो म्हटलं. नाही म्हणायचं काही कारण तिला सापडलं नाही, असं ती स्वतःच म्हणाली. मेणबत्ती आणि पिवळा गुलाब हातात धरून तिने शपथ घेतली: मी आनंद, ज्ञान आणि मैत्री यांचा शोध घेईन. बियाण्याच्या पाकिटावरच्या सूचना वाचाव्यात तशी. मग विचारलं, "ही मेणबत्ती कुठे ठेवू?"

ती प्रत्येक सभेला आली. वेळेवर. दिलेलं काम केलं. ईस्टरच्या खाऊविक्रीसाठी तिने लिंबाच्या वड्या केल्या, त्यातल्या थोड्या आमच्यासाठी आणल्या. साखर घालायला विसरली होती. आम्ही सगळ्या डोळे घट्ट मिटून, "वेगळीच चव आहे गं!" म्हणत त्या गिळत होतो. मार्सेलाने तर दुसरी घेतली.

ओर्फाने एक घास घेतला आणि बशी खाली ठेवली. "साखर राहिली, आर्डिस."

"हो का?" आर्डिस म्हणाली. तिने एक वडी तोंडात टाकली, चावली, गिळली. "असेल."

असं जवळजवळ वर्ष गेलं. दोघी एका खोलीत बसायच्या, एकमेकींना कॉफी द्यायच्या, दुधाचं भांडं सरकवायच्या. रोंडाचं नाव कुणी काढायचं नाही, वेंडेलचं तर नाहीच. आपापल्या मुलांच्या गोष्टीसुद्धा आम्ही आर्डिस स्वयंपाकघरात गेली की उरकून घ्यायचो. गावभर आमचं कौतुक व्हायचं. पाद्रीबाबांनी एका रविवारी आडून आमचा दाखलाही दिला. मला मात्र कधीकधी वाटायचं, की मी एका जित्या बाईला आणून दिवाणखान्यातल्या खुर्चीची बहीण केली आहे.

पुढच्या मार्चमध्ये सभा भरवायची पाळी आर्डिसची आली. घर लखलखीत. अक्रोडासारख्या पेकनचा गोड 'पाय' भाजलेला, कॉफी गरम, सात बश्या मांडलेल्या. बर्निसने जपानी बागांविषयी वाचलं. आम्ही जांभया दाबल्या. मग मार्सेला नेहमीसारखी म्हणाली, "नवे विषय? कुणाला काही मांडायचंय?"

आर्डिस उभी राहिली. ती सभेत उभी राहिल्याचं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

"मी अशी सूचना मांडते," ती म्हणाली, "की रोंडा सुटली की तिने इथे, माझ्या घरी यावं."

मार्सेलाची हातोडी हवेतच राहिली. "आर्डिस, बाई... अगं हा काही शाखेचा विषय नाही."

"का नाही? गेल्या महिन्यात वेल्डाच्या स्वयंपाकघराला पडदे कुठल्या रंगाचे लावायचे यावर मतदान घेतलंस."

वेल्डा म्हणजे मी. पडदे हिरवे झाले, मला निळे हवे होते, पण ते असो.

"रविवारी तिचा फोन आला होता," आर्डिस सांगू लागली. गोदामाच्या फोनवर भाव सांगावा तसा आवाज. "मेमध्ये सोडणार आहेत. कुठे राहणार तो पत्ता आधी द्यावा लागतो. तिने विचारलं, आई, घरी येऊ का? मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. तेव्हापासून मी विचार करतेय आणि मला काही होतच नाही. तिच्या खोलीचं दार उघडते, बघते, लावते. यावी असं वाटत नाही. येऊ नये असंही वाटत नाही. तुमच्या मनांचं यंत्र चालू आहे. तुम्ही ठरवा, मी तसं सांगेन."

आणि ती खाली बसली.

"सूचना... मांडली गेली आहे," मार्सेला पुटपुटली. "अनुमोदन?"

सगळ्या बश्यांकडे बघत होत्या. मी बोलणार होते, पण समोर ओर्फा होती आणि मीही माझ्या बशीकडेच बघत राहिले.

"अनुमोदन," ओर्फा म्हणाली.

बर्निसच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ओर्फा! अगं किती मोठं मन..."

"गप बस, बर्निस. अनुमोदन म्हणजे होकार नव्हे. विषयावर बोलता यावं म्हणून देतात. नियमांच्या पुस्तकात आहे तसं. मार्सेला, आहे की नाही?"

"आहे," मार्सेला म्हणाली.

मग चर्चा झाली. चर्चा कसली, आम्ही आळीपाळीने साखर पेरली. पोटची पोर आहे, आईचं घर ते आईचं घर. देव क्षमा करतो. आम्ही सगळ्या आहोत ना. मी जेवण आणेन, मी पडदे धुऊन देईन. मीही असलंच काहीतरी बोलले. आर्डिस ज्या बाईची पाळी असेल तिच्याकडे मान वळवून बघत होती, हवामानाचा अंदाज ऐकावा तशी. त्यातला एक शब्द तिच्या आत गेला असेल असं मला वाटत नाही.

शेवटी ओर्फा उरली. ती उभी राहिली नाही. कप मांडीवर धरून आर्डिसकडे बघून बोलली.

"गावात किराण्याचं दुकान एकच. मी पावाच्या फळीपाशी असेन आणि ती आत येईल. मग मी काय करू? हसू? कबरस्तानाचा रस्ता तुझ्या दारावरून जातो. मी एकसष्ट वर्षांची आहे, आता कुठे गाव सोडून जाऊ? तिचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही, आर्डिस. तिकडे ओमाहा शहरात राहू दे, नोकरी करू दे, लग्न करू दे, चार पोरं होऊ देत. पण इथे नको. ती मला इथे नको. हे मी तुझ्या पाठीमागे कधी कुणाला बोलले नाही. बहीण म्हणते तर तोंडावर सांगते."

मार्सेलाने मत घेतलं. तिलाही आता कामकाज लवकर संपवायचं होतं. बाजूने पाच हात. विरोधात एक, ओर्फाचा, सरळ वर. आर्डिसने हात उचललाच नाही. सूचना मंजूर, हातोडी, सभा संपली. ओर्फाने आपल्या बशीतला पेकनचा पाय शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला, "चांगला झालाय," म्हणाली, बशी मोरीपाशी नेऊन ठेवली आणि गेली. तिचं चुकलं असं मला आजतागायत म्हणता आलेलं नाही.

बाकीच्याही पटापट पांगल्या. मी बश्या विसळायला मागे राहिले. आर्डिस माझ्या शेजारी फडकं घेऊन उभी होती, पण पुसत नव्हती. तिच्या हातातल्या बशीतून पाणी ठिबकत होतं.

"वेल्डा," ती म्हणाली, "मला लागलं गं."

"कापलं का कुठे?"

"नाही. ओर्फा बोलली ते." तिने मनगट छातीवर दाबून धरलं. "इथे. दुखतंय."

"तिने असं तोंडावर बोलायला नको होतं..."

"बोलायलाच हवं होतं! तुम्ही सगळ्या काय काय बोलत होतात, मला फक्त ओठ हललेले दिसत होते. ती म्हणाली, इथे नको. आणि मला वाटलं, का नको? कुणाला नको?" तिने बशी ओट्यावर आपटली. फुटली नाही, पण मी दचकले. "इथे नको तर कुठे जाईल ती? भूक लागली की करपलेला टोस्ट खाते ती, तिला अंडंसुद्धा उकडता येत नाही! ओमाहाला कोण आहे तिचं?"

ती हुंदके देत होती आणि तिला स्वतःलाच ते विचित्र वाटत असावं, कारण मध्येच थांबून तिने गालावरून बोट फिरवून पाहिलं. मी ओले हात तसेच तिच्या पाठीवर ठेवले. ती माझे हात झटकून भिंतीवरच्या फोनकडे गेली आणि नंबर फिरवला.

"मार्सेला? मी आर्डिस. मघाशी मी हात वर केला नव्हता. माझं मत घे. बाजूने."

मार्सेला नुकतीच घरी पोचली असणार. तिचा तो किनरा आवाज मला मोरीपर्यंत ऐकू आला. आर्डिस बाई, सभा तहकूब झाली की मत घेता येत नाही, पुस्तकात स्पष्ट आहे, आणि तसंही सूचना मंजूरच झालीये, पाच विरुद्ध एक, तुझ्या मताने काय फरक पडतो?

"पुस्तक घाल चुलीत!" आर्डिस एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "ती माझी पोर आहे! सहा लिही!"