थोरलीनं धाकटीचा आवाज कापला

धाकटीला रेडिओवर नोकरी कुणी लावली? थोरलीनं. हात धरून नेली, साहेबांपुढे उभी केली, वर शब्द टाकला की पोरगी गुणी आहे, आलेली पत्रं लावायला ठेवा. आणि वर्ष उलटतं न उलटतं तोच पत्रं लावणारी ती पोरगी माईकपुढे जाऊन बसली, आणि थोरली राहिली आपली मागच्या खोलीत टेप कापत.

टेप कापणं म्हणजे काय, तर कुणी मोठं माणूस येऊन बोलून गेलं की त्याचं बोलणं चाकावर गुंडाळलेलं यायचं, तपकिरी फितीसारखं. थोरलीनं ते मशीनवर लावून ऐकायचं. खोकला, खुर्चीची करकर, मधेच अडखळलेलं, ते सगळं पात्यानं कापून काढायचं आणि उरलेली टोकं चिकटपट्टीनं जोडायची. सांधा कळता कामा नये. साहेब म्हणायचे, ही बाई माणसाचा खोकला चोरते आणि त्याला पत्ता लागत नाही. कापलेले तुकडे भिंतीवरच्या खिळ्यांना लटकवून ठेवायचे. कार्यक्रम वाजून जाईपर्यंत ते फेकायचे नाहीत, असा नियमच होता.

तर मुलाखत घेणारी बाई एकदा आजारी पडली. साहेबांना ऐन वेळी दुसरं कुणी दिसेना, त्यांनी धाकटीला आत ढकललं. समोर एवढा मोठा नट! हिनं काय विचारावं? "तुम्हाला रडा म्हटलं की लगेच रडू येतं का हो? मला तर आईनं मारलं तरी येत नाही." नट जो हसला, जो खुलला, उठायचं नावच घेईना. झालं. तेव्हापासून नट, नटी, वाजवणारे, गाणारे, सगळे धाकटीच्याच पुढ्यात.

घरी जेवताना तीच टकळी. "ताई, अगं, तो किती साधा आहे! माझ्याच पेल्यातलं पाणी प्यायला."

"माहितीये," थोरली म्हणायची. "त्याचं गटगट मीच कापलं."

आई म्हणायची, "तुझ्या पोटात का दुखतं गं एवढं?" दुखायचंच. थोरली ते कधी लपवायचीही नाही.

आता थोरलीचा जीव होता तो एकाच बाईवर. गाण्याच्या बाई, सगळे नुसतं बाईच म्हणायचे त्यांना. थोरली लहानपणी भांडी घासता घासता बाईंचीच गाणी म्हणायची, एकेक हरकत घोटलेली. बाईंनी गाणं सोडून जमाना झाला होता, कुणाला दार उघडत नव्हत्या. आणि त्या बाई एक दिवस हो म्हणाल्या! अट एकच, कार्यक्रम लावायच्या आधी मला ऐकवायचा.

थोरलीनं जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी पदराला हात पुसत साहेबांकडे गेली. "साहेब, बाईंची मुलाखत मी घेते."

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "अहो, तुम्ही समोर बसलात तर बाई कोर्टात साक्ष दिल्यासारख्या बोलतील." खोलीतले सगळे हसले. थोरलीही हसली. न हसून सांगते कुणाला?

आणि कडी म्हणजे धाकटी घरी येऊन विचारते, "ताई, मला बाईंचं एक गाणं धड येत नाही. काय विचारू ते सांग ना."

"मला काय विचारतेस? तू मोठी मुलाखतवाली."

"सांग गं," आई म्हणाली. "बहीण आहे, परकी आहे का?"

थोरली सांगणार नव्हती. पण बाईंचा विषय निघाला की तिची जीभ तिच्या ऐकण्यात राहायचीच नाही. "ते होडीचं गाणं आहे ना, त्याची शेवटची ओळ बाई एका दमात म्हणतात. एवढी लांब ओळ! मधे श्वास कुठे चोरतात ते विचार. मला अजून सापडला नाही." सांगितलं मात्र आणि स्वतःचीच जीभ चावली.

बाई आल्या तेव्हा थोरली काचेच्या अलीकडे, मशीनपाशी. पलीकडे बाई आणि धाकटी, मांडीला मांडी लावून बसल्यासारख्या. धाकटीनं श्वासाचं विचारलं, असं सहज, जसं काही आताच सुचलं. बाई चमकल्या. पुढे झाल्या, धाकटीचा हात हातात घेतला आणि ती ओळ गाऊन दाखवली. माईकसाठी नाही हो, धाकटीसाठी! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओळ कानांवरून गेली, पण श्वास कुठे घेतला ते बघायचं राहिलंच, डोळे त्या धरलेल्या हातावर.

मशीन आवरेपर्यंत बाई निघूनही गेल्या. धाकटी नाचत आली. "ताई, तुझ्यासाठी सही आणली बघ!"

"ठेव तिकडे."

दुसऱ्या दिवशी धाकटी गेली परगावी, कुणा तबलजीची मुलाखत घ्यायला. थोरलीनं खोलीचं दार लावलं आणि टेप लावला. आधी धाकटीचा एक प्रश्न कापला, लांबलाय म्हणून. मग दुसरा, उगाचच. मग तिचं 'हं', तिचं 'अय्या', तिचं 'मग हो?'. मग हात थांबेनाच. दोघी जिथे मिळून हसल्या होत्या तिथे धाकटीचं हसू वेगळं काढता येईना, तर बाईंचंही हसू गेलं. दुपार होईतो खिळ्यांवर सगळी धाकटी लटकत होती, आणि टेपवर एकट्या बाई. थोरलीला काय गार वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात दारावर टकटक. बाई! ऐकायला आल्या होत्या. साहेब बाहेर गेलेले, शिपायानं आणून थेट थोरलीच्या दारात उभ्या केल्या.

थोरलीनं खुर्ची पुसून दिली, टेप लावला.

टेपमधल्या बाई म्हणाल्या, "माझ्यासारखं कुणी गायलंच नाही." मग लगेच, "मी दिसायला फार सुंदर होते." मग, "बाकीच्या नुसत्या ओरडायच्या."

खुर्चीतल्या बाईंचा चेहरा उतरत चालला. "बंद कर," त्या म्हणाल्या. "ही कोण बढाईखोर म्हातारी? मी असं बोलले?"

बोलल्या होत्या, पण कशा? धाकटीनं विचारलं होतं, त्या वेळच्या गाणाऱ्या स्वतःबद्दल काय काय सांगायच्या हो? त्यावर एकेकीची नक्कल करून दाखवली होती बाईंनी, आणि प्रत्येक नकलेला दोघी हसल्या होत्या. प्रश्न गेला, हसू गेलं, उरली ती शेखी.

"हे लावू नका," बाई काठी घेऊन उठल्या. "म्हणून मी कुणाशी बोलत नाही." मग थबकल्या. "यात एक पोरगी होती ना? कुठे गेली?"

थोरलीनं खिळ्यांकडे बोट केलं.

"आणि टांगली कुणी?"

"मी."

"का गं?"

"बहीण आहे."

बाईंनी काठी भिंतीला टेकवली. मग बसल्या. "जोड."

थोरली जोडायला बसली. बाई खिळ्यावरचा एकेक तुकडा काढून द्यायच्या, ही तो वाजवून बघायची, जागा सापडली की चिकटवायची. श्वासाचा प्रश्न आला तेव्हा बाई म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. इथूनच मी मोकळी झाले."

"तो माझा आहे," थोरलीच्या तोंडून निघून गेलं. "प्रश्न. तिला मी दिला."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण विचारला तिनं."

टोमणा नव्हता हो त्यात. तरी थोरलीनं हातातला तुकडा खाली ठेवला. बाईंना दिसलं असावं. "बरं, आता ती नाहीये. तुला काय विचारायचंय ते विचार."

लहानपणापासून साठवलेलं ओठांपर्यंत आलं आणि अख्खं आत गेलं. शेवटी थोरली म्हणाली, "चहा घेणार?"

"घेते की."

चहा पिता पिता बाई गुडघ्यांचं सांगत बसल्या. थोरलीनं गरम पाण्यानं शेकायला सांगितलं. म्हणाल्या, शेकते, उतरत नाही. एवढंच. उठताना थोरलीच्या खांद्याचा आधार घेतला.

धाकटीला परत आल्यावर शिपायाकडून कळलं, बाई कितीतरी वेळ ताईजवळ होत्या. घरी येऊन चपलासुद्धा काढल्या नाहीत तिनं. "काय बोललात एवढं?"

"बोललो."

"सांग ना ताई! माझ्याशी तर जाताना नुसतं येते म्हणाल्या."

"ते रेडिओसाठी नव्हतं," थोरली म्हणाली.

कार्यक्रम गाजला. पत्रं आली ती सगळी धाकटीच्या नावाची, थोरलीचा जळफळाट झाला तो झालाच. पण दर दोन-चार दिवसांनी धाकटी विषय काढायची, लाडीगोडी लावायची, रुसायची, की बाई तुला काय म्हणाल्या ते एकदा तरी सांग. थोरली नुसती हसायची आणि दुसरीकडे बघायची. गुडघ्यांचं तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.