गोळी अंगी लागेना

सातपूरच्या कंपनीत मी तयार पार्ट मापून पास करायचे. एके दिवशी एकच पार्ट तीनदा मापला आणि तिन्ही वेळा आकडा विसरले. शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उलटतं, असा माझा आजार; त्यात असं विसरायला होतं. दोन वर्षं रोज उपाशीपोटी गोळी घेत होते, तरी रिपोर्ट बिघडतच चालला होता.

"गोळ्या चुकवता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एकही नाही," मी चिडून म्हणाले.

त्यांनी रिपोर्ट पुन्हा चाळला. "पोट कसं असतं?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पोट फुगायचं, दिवसातून चारदा पळावं लागायचं. मी कॅन्टीनला दोष देऊन मोकळी. लाज सोडून सगळं सांगितलं. रक्त तपासलं, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला. गव्हामुळे आतलं अस्तर झिजलं होतं, म्हणून गोळी नीट शोषलीच जात नव्हती. माझ्यासारख्या काही थायरॉइडवाल्यांना हा त्रासही जोडीने असतो, असं त्या म्हणाल्या. "गहू कायमचा बंद. गोळी मात्र सोडायची नाही."

सासूबाईंना पटेना. "जन्मभर पोळी खाल्ली, आताच काय झालं?"

"आई, मला बरं व्हायचंय," मी एवढंच म्हणाले आणि कणकेचा कणही लागू नये म्हणून वेगळा तवा, वेगळी परात आणली. पहिल्या भाकऱ्या तव्यावर टाकतानाच तुटल्या. तुटक्याच खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा थापल्या.

दोन महिने झाले तरी पोट थाऱ्यावर येईना. रडू यायचं, पण माघार घ्यायची नव्हती. स्वयंपाकघरातला एकेक डबा काढून त्यावरची बारीक अक्षरं वाचत बसले. सासूबाई बघत होत्या. त्यांनीच हिंगाची डबी पुढे केली. "हीपण वाच."

हिंगात मैदा होता! रोजच्या वरणातून तो माझ्या पोटात जात होता.

"माझ्याच हातची फोडणी गं," म्हणत त्यांनी डबी शेजारी देऊन टाकली. त्या दिवसापासून भाकरी थापायला त्याही बसल्या.

हळूहळू पोट शांत झालं, रिपोर्ट सुधारला, डोसही थोडा उतरला. गोळी चालूच आहे, ती राहणारच. परवा नामपूरला लग्नात पंगतीला बसले. पुऱ्या वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "एका पुरीनं काय होतंय?"

"मला होतं, मावशी," म्हणाले आणि भाकरीचा डबा उघडला.