सोलापूरचा उतार

भर दुपारी सूर्य समोरच्या पाइनच्या शेंड्यांवर नुसता टेकला आहे. आज तो याहून वर येणार नाही. अंगणातली आमची सोलर पॅनेल जवळजवळ आडवी, बर्फ पांघरून पडली आहेत. सोलापूरच्या गच्चीवर दिला होता तेवढाच उतार ह्यांनी या उत्तरेकडच्या देशातही दिला. उन्हाळ्यात वीज उतू जात होती. शेजारच्या आजीबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "थंडीआधी उभी करा." त्यांची पॅनेल भिंतीसारखी उभी आहेत, बर्फ त्यांच्यावर साचतच नाही.

सूर्य डोक्यावरच असायचा, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की त्याला खाली वाकून शोधावं लागेल, असं मनातही येत नाही.

हे मघापासून पाना घेऊन झटत होते. आत आले आणि म्हणाले, "नट गोठलेत. उद्या बघू."

गावची वीज इथवर येत नाही. घर उबदार ठेवणारं गरम पाणी फिरवतो तो पंपही याच पॅनेलांवर भरणाऱ्या बॅटरीवर चालतो. सकाळपासून त्याचा आवाज बारीक झालाय. दिवाळी नुकतीच झाली. दिवस अजून लहानच होत जाणार.

मी उठून खिडकीतल्या आकाशकंदिलाचा दिवा बंद केला. ह्यांनी स्वयंपाकघरातला बंद केला.